तळघरातला ठिपका

मॅडम : या वायरमन, योग्य वेळी आलात! सलग तिसऱ्या आठवड्यात वीजबचतीत आपला विभाग पहिला. बघा स्क्रीनवर, वीज काय, हवा काय, कसे हिरवेगार ठिपके!

वायरमन : हवेचा एक लाल आहे. तळघरातली रेकॉर्ड रूम.

मॅडम : तिथली हवा नेहमीचीच. खोली एवढीशी, विजेचा खर्च केवढा, नाकापेक्षा मोती जड! तिथे रेकॉर्ड सांभाळणाऱ्या मास्तरांच्या कॉम्प्युटरवर सारखी सूचना यायची, ‘हवा खराब, दार उघडा.’ आणि ते उघडायचे. पॅसेजमधला एसी वाया. शेवटी मी ती सूचनाच बंद करून टाकली.

वायरमन : आणि तिथली हवा बाहेर फेकणारा पंखा मी बंद केला. सोमवारी. तुम्ही सांगितलंत म्हणून.

मॅडम : मग? माझ्या सहीची चिठ्ठी आहे ना तुमच्याकडे?

वायरमन : चिठ्ठीचं नाही हो. मास्तर काल म्हणाले, छातीत भरल्यासारखं होतंय. मी म्हटलं, मॅडमना सांगा.

मॅडम : सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, निवृत्तीला दोन महिने राहिलेत, काढा कसेतरी... असं बघू नका माझ्याकडे.

वायरमन : आता खाली दार ठोठावून आलो. आतून कडी आहे.

मॅडम : ते दार आपोआप उघडतं, म्हणून मीच कडी लावायला सांगितलीय. कानातलं मशीन काढून बसले असतील.

वायरमन : मलाही तसंच वाटलं. म्हणून खराब हवेचा आकडा बघायला आलो. माणूस आत श्वास सोडतो तसा तो चढतो. दाबा ना त्या ठिपक्यावर.

मॅडम : हे घ्या. नऊपासून चढत गेलाय... आणि अकरापासून उतरतोय. बघा! हवा सुधारतेय. उगाच माझा जीव टांगणीला लावलात.

वायरमन : पंखा बंद आहे, मॅडम. त्याचा फ्यूज माझ्या खिशात आहे. हा बघा.

मॅडम : मग मधे दार उघडलं असेल त्यांनी.

वायरमन : दार उघडलं की इथे खूण उमटते. सकाळी ते आत गेले तेव्हाची एकच आहे.

मॅडम : मग आकडा उतरतोय कशाने?... वायरमन, बोला ना!

वायरमन : फटींतून थोडी हवा जातच असते, पण आतून भर पडायला हवी ना... पुढचं माझ्या तोंडून नका वदवून घेऊ. सुताराला फोन लावा, कडी तोडायला लागेल. आणि डॉक्टरांना. मी पळतो खाली.

मॅडम : लावते, लावते... अहो, ठिपका बदलला!

वायरमन : कसला झाला?

मॅडम : हिरवा.