तो खोका डोंगराचा आहे

नाही, तो नको. त्याच्या शेजारचाही नको. — अगो स्टेला, खोके दिसले म्हणजे ते विकायचेच असतात, हे तुला कोणी सांगितलं? दुकान आहे, मान्य. पाटीवर 'भाईंचे पॅकिंग मटेरियल' लिहिलंय, तेही मान्य. पण तुमच्या हॉस्पिटलात डॉक्टरचा स्वतःचा जेवणाचा डबा असतो ना? तो काय पेशंटला देतात? तसे हे. जामसंड्याच्या आंबेवाल्याकडून मागून आणलेत. ह्याचा वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून अलगद सोलला ना, की आतून पन्हळ निघते — थेट पत्र्याचं छप्पर! राखाडी रंग मारला, कडेला थोडा गंज दाखवला, झालं गोदाम तयार. — कसलं गोदाम? सांगतो. बस. नाही, त्या स्टुलावर नको, तिथे नदी सुकत ठेवलीय.

घाई काय आहे? तुमची गाडी उद्या सकाळची. आणि तुझ्या बापाचं सामान ते केवढं! दोन ट्रंका, येशूचा एक अल्तार आणि जहाजावरून आणलेली ती स्वयंपाकाची तवली, जिच्यात अजून मीठ आहे की गंज हे त्यालाच माहीत. त्याला खोके कशाला? चादरीत बांध. — नाही नाही, मी अडवत नाही, मी कोण अडवणारा? मुलगी आहेस, त्यात नर्स, त्यात म्हापशाची. बापाला घेऊन जायचं ठरवलंस, तुझा हक्क आहे. मी आपला सुतळी नि टेप विकणारा माणूस. आणि मला अंकल म्हणू नको गो. लहानपणी भाईकाका म्हणायचीस, म्हापशाला गेलीस आणि मी अंकल झालो. बघ, तुझ्याशी दुकानाचं मराठी बोलतोय म्हणजे अजून गिऱ्हाईक आहेस. मालवणीत शिरलो की समज, माझं काहीतरी बिघडलं.

तर काय म्हणत होतो — हे खोके नाहीत, हे डोंगर आहेत. हा अर्धा झालाय, तो व्हायचाय. आणि तो कोपऱ्यातला उलटा ठेवलाय तो किल्ल्याचा बुरूज. हसू नको. तुझ्या बापाचं काम आहे. — म्हणजे तुला ठाऊकच नाही? तुला काय वाटायचं, पेद्रू रोज दुपारी चहा पिऊन माझ्याकडे येतो तो काय करायला? पत्ते? पत्ते खेळलो असतो तर आनंदीने, आमच्या मंडळीने, मला घरात घेतलं असतं का? अगो, आम्ही लढाया करतो. टेबलावर. एवढे एवढे शिपाई, करंगळीच्या पेराएवढे, फासा टाकायचा, टेपने मोजून सहा इंच पुढे सरकायचं, आड डोंगर आला तर गोळी लागत नाही, झाडीत शिरला तर अर्धी लागते. अर्धी कशी? ते मलाही अजून कळलेलं नाही, पेद्रू ऐन वेळी नियम काढतो. जहाजावर कूक होता ना, तिथल्या गोऱ्या खलाशांकडून शिकला. रिटायर होऊन आला तेव्हा लोकांचे बापूस परफ्यूम आणतात, टीव्ही आणतात. ह्याने डबाभर शिपाई आणले. तुझ्यासाठी काय आणलेलं? — छत्री? बघ. छत्रीत गुंडाळूनच आणले असणार.

पण शिपायांना जमीन हवी. विकतची मिळते ती बाहेरून मागवावी लागते, आणि एका डोंगराची किंमत अशी की त्यात मी कट्टा गावात खरा उतार घेतला असता, काजूंसकट. तेव्हा हा माझ्या दुकानात आला, थर्माकोल मागायला. म्हटलं, पेद्रू, नाताळ लांब आहे रे, गोठ्याचे डोंगर आतापासून? तर म्हणाला, ह्या डोंगरावर येशू नाही यायचा, तोफा यायच्या आहेत. झालं! माझ्यातला व्यापारी जागा झाला. म्हटलं, थर्माकोल विकत कशाला घेतोस, बंदरावर मासळीच्या खोक्यांची फुटकी झाकणं पडलेली असतात, फुकट. आणली. साबणाने धुतली, चिंचेने घासली, उन्हात टाकली. सुरीने कापून असा काही डोंगर केला म्हणतेस — खाली कडा, वर पठार. आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर पठारावर मांजर झोपलेलं. हाकललं, परत आलं. डोंगराला बांगड्याचा वास होता ना! त्या लढाईत माझी अख्खी पलटण मांजराने शेपटीने पाडली, आणि तुझा बाप काय म्हणतो? भूकंप झाला, नियमात आहे. मी म्हटलं दाखव नियम. तर इंग्रजीत आहे म्हणाला.

तुला कंटाळा येतोय? नाही ना? मग घड्याळ कशाला बघतेस? हे बघ, ही झुडपं. काय आहे सांग. — स्पंज? अगो, घोसाळं! वेलावर वाळू दिलेलं घोसाळं, आतली जाळी काढायची, चिमटीने तोडायची, हिरव्या रंगात बुडवायची. झाडं ही सुरूची बोंडं. गवत म्हणजे वखारीतला भुसा, रंगवलेला. एक पैसा खर्च नाही. पण कंजूषपणाचा एक फटका खाल्ला हो मी, लपवत नाही. नदीकाठी वाळू हवी होती. पेद्रू म्हणाला नदीची आण. मी म्हटलं, समोर अख्खा समुद्र पसरलाय आणि मी वाळूसाठी कर्ली नदीपर्यंत जाऊ? आणली किनाऱ्यावरची, गोंदावर पसरली, सुंदर दिसली. उन्हाळाभर सुंदर. मग पावसाळी हवा सुटली. तुला माहीत आहे ना मिठाच्या बरणीचं काय होतं? तेच डोंगराचं. आधी घाम फुटला, मग गोंद सुटला, आणि एका दुपारी आमच्या डोळ्यांदेखत अख्खा उतार घसरत खाली आला, शिपायांसकट. पेद्रू खुर्चीत मागे रेलला आणि एवढंच म्हणाला, भाई, कोकण रेल्वे बंद. असा हसलो, असा हसलो की बाहेर गिऱ्हाईक टेप घेऊन पैसे न देता गेलं. कोण होतं ते अजून शोधतोय.

तेव्हापासून दगडाचं काम आम्ही समुद्रफेनात करतो. माकलाचं, त्या मासळीचं हाड गो, भरतीबरोबर किनाऱ्याला लागतं, लोक पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात. खिळ्याने कोरलं की चिरा न् चिरा उठून दिसतो. हा बुरूज त्याचाच. तासन् तास बसून कोरला त्याने. पण वाळूत मिळतं ते लहान, फुटकं. मोठं हवं तर पलीकडे खडकांच्या खाचेत बघायला लागतं, ओहोटीला. हे बघ, तळहाताएवढं, कुठे खोच नाही. एवढं मोठं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पेद्रूने वरून बघितलं आणि मला म्हणतो, भाई, चप्पल धर — आणि ह्याच्याच पायी तर पाय —

काही नाही. टेप देऊ? दोन इंची की तीन?

— काही नाही म्हटलं ना. पाय म्हणजे... डोंगराचा पाय. पायथा. — अशी बघू नको गो. इंजेक्शन देताना पेशंटकडे अशीच बघतेस? बिचारे आपणहून बाही वर करत असतील. — हो, बाथरूममध्येच पडला. साबणावरून. मीच तर फोन केला तुला. — बाथरूममध्ये पडला तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली कशी, आणि खिशात वाळू कशी? ती पँट अजून धुतली नाही त्याने? शिरा पडो त्याच्या आळसावर! मी सांगितलं होतं, पेद्रू, पँट भिजत घाल.

बरं. ऐक. खडकार पडलो तुझो बापूस. शेवाळ होता. आता मालवणीत शिरलंय, समज. तुका त्येणा शब्द दिलेलो ना, खडकार जाणार नाय म्हणान? म्हणून रिक्षात बसल्या बसल्या आम्ही दोघांनी ठरवलं, काहीतरी साधं सांगूया. म्हणजे बाथरूम. बाथरूममध्ये कोण पडत नाही? आमचा धनेश, ऐन जवान पोरगा, तोही पडला होता. आम्हाला वाटलं, तू म्हणशील, सांभाळा पप्पा, आणि फोन ठेवशील. आमच्या डोक्यात हे आलंच नाही की नर्सला बाथरूम म्हणजे काय! खडक म्हटलं असतं तर तू ओरडली असतीस आणि विषय संपला असता. बाथरूम म्हटलं आणि तू लगेच खोली रिकामी करून, खाट लावून, गाडी ठरवून मोकळी. म्हातारा स्वतःच्या घरात दोन पावलं धड टाकू शकत नाही, असंच वाटलं ना तुला? — वाटलंच असणार. मग तूच विचार कर ना गो बाय. जो माणूस ह्या वयात चप्पल काढून, पँट दुमडून, बोकडासारखा खडकावर चढतो, तो काय बाथरूममध्ये पडायच्या लायकीचा आहे?

हसलीस. नाही, हसलीस, मी पाहिलं. तोंडाला रुमाल लावून काय होतंय?

आणि त्याने हाड सोडलं नाही हातातलं. मी म्हणतोय, उठ रे, उठ, पाय बघ कसा झालाय, आणि हा म्हणतो, आधी हे धर, मोडेल.

— का नाही बोलला तुला? मी विचारलं त्याला, काल. म्हटलं, खरं सांगून टाक पोरीला. तर म्हणाला, नको रे, खोटं बोललो म्हटल्यावर ती अजून रागावेल, जाऊ दे, म्हापसा काय लांब नाही. असं म्हणाला. आणि हा बुरूज माझ्याकडे सरकवला. म्हणाला, वरचे कंगोरे तू कर. मी करू? माझे हात बघ. सुतळी तोडून तोडून दोरखंड झालेत. आणि केले तरी कोणाबरोबर खेळू? आनंदीबरोबर? ती शिपायांना मुंगळे म्हणते. मितेश मेडिकलवाल्याला एकदा बसवला होता, तो फासा टाकताना मोबाईल बघतो. समोर माणूस पाहिजे गो. नुसता डोंगर काय कामाचा?

ये. पडद्यामागे ये. नाही, उशीर नाही होत. गाडी उद्या आहे. — हे. वर पंखा लावू नको, गवत उडतं. जुना दरवाजा आहे तो, दोन ड्रमांवर ठेवलाय. हा माझा डोंगर, ते त्याचं बंदर. हा खुरीस, क्रूस गो, मध्ये आहे ना, त्याच्या आरपार गोळी मारायची नाही, हा त्याचा नियम. मी म्हटलं, मग माझं एक देऊळही पाहिजे, तर हे देऊळ. आता दोघंही आडोशाला तिथेच पळतो. आणि हा बस थांबा. काडेपेटीचा. बाकडं काड्यांचं. पाटी वाच — चष्मा लागेल तुला, एका केसाच्या ब्रशने लिहिलीय. 'म्हापसा'. लढाई संपताना ज्याच्या ताब्यात थांबा, त्याला जास्त गुण. आणि तुझ्या बापाची खोड अशी, की त्याचे सगळ्यात तगडे तीन शिपाई तो पहिल्या डावापासून तिथे उभे करतो आणि हलवतच नाही. मी इकडून मारत येतो, त्याचं बंदर जातं, गोदाम जातं, आणि ते तिघे आपले थांब्यावर उभे. मी म्हणतो, पेद्रू, तिथे कोणी येत नाहीये रे, त्यांना पुढे काढ. तर म्हणतो, असू दे रे, असू दे तिथे कोणीतरी. दरवेळी हरतो त्या पायी.

... काय झालं? धूळ आहे इथे. भुशाची. मलाही होतं असं.

काय म्हणालीस? — नाताळापर्यंत? नाताळापर्यंत इथे राहू दे म्हणतेस, मग बघू? स्टेला, माझा जन्म गल्ल्यावर गेलाय, पहिला भाव मी कधी घेत नाही. पुढल्या मे महिन्यापर्यंत बोल. — बरं, ईस्टर. — ठीक आहे, ठीक आहे, त्याच्या पायाचं प्लास्टर तू येऊन काढायचं, दर रविवारी फोन करायचा, आणि खडक बंद. त्याचा बंद. मी जाऊ शकतो ना? — बरं, माझाही बंद. अशी बघू नको म्हटलं ना. माकलाचं हाड आम्ही कोळणीकडून मागून घेऊ. झाला सौदा. खोके? ते आहेत तिथे राहू देत, त्यांचे डोंगर व्हायचेत.

ती खुर्ची पेद्रूची. बस, बस, त्याची हरकत नसते. — अगो, ते तिघे का उचलतेस? ते हलत नाहीत. कधीच नाही हलत, सांगितलं ना आता! — मोजून ठेव, टेप बाजूलाच आहे. सहा इंच. बरोबर. देवळाच्या आडून? आणि थेट माझ्या डोंगरामागे? तिथे माझं कोणीच नाही गो. ती बाजू मी कधी राखलीच नाही, तिकडून कोण कधी आलंच नाही... हे तुला शिकवलं कोणी?

कोण रे बाहेर? सुतळी? फाल्यां सकाळी ये. दुकान बंद आसा. — दार उघडां दिसला तरी बंद आसा!

थांब. फासा टाकू नको. माका जरा इचार करूंक दी. बोलू नको मध्ये. — तू कुठे बोलतेस, मीच बोलतोय. बरं. गप बसतो.