दीड फूट शेवाळ

(अमेरिकेतलं बॉथेल, २००७. ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी गाडी.)

राजाराम: बस इला, आत बस. तुला अलास्कातली एक गोष्ट सांगतो. झकास आहे, फक्त मधे उठायचं नाही.

इला: मामा, पाचला नकाशा क्लायंटला पाठवायचाय. चार वाजून गेलेत. घरी सांगा ना.

राजाराम: घरी तुझा नवरा असतो. तर, गेल्या उन्हाळ्यात त्यानंच, सिद्धेशनं, मला सर्व्हेच्या कॅम्पवर सैपाकाला नेलं. समुद्राकाठची दलदल, औषधाला झाड नाही. डास असले, की भातात जिरं कुठलं नि डास कुठला कळंना.

इला: हे ऐकलंय.

राजाराम: पुढचं नाही ऐकलंस. तिथलं गाव दर वादळात बुडतं. लोकांना मागच्या उंचवट्यावर राहायला जायचंय. त्याची उंची मोजायची, नेमका त्या दिवशी सिद्धेशचा पाय मुरगळला.

इला: रिपोर्टमध्ये अकराही पॉइंट त्यानेच घेतलेत. सही आहे त्याची.

राजाराम: सही त्याची. जीपीएसची काठी माझ्या हातात. तो तंबूतून रेडिओवर सांगत होता, मामा, सरळ धरा, बटण दाबा.

इला: मामा, हळू बोला.

राजाराम: आता माझी अक्कल बघ. पायाखाली शेवाळ, गादीसारखं. काठी डुगडुगायची. मी वीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. परांचीचा बांबू भुसभुशीत जागी ठेवला तर वरचा माणूस खाली येतो. टणक लागेपर्यंत दाबायचा. तशीच दाबली. खालची गोठलेली जमीन लागली, मग बटण.

इला: किती आत?

राजाराम: गुडघ्याला जरा कमी.

इला: दीड फूट. विमानातून उंची मोजली त्यात आणि या पॉइंटमध्ये एवढाच फरक होता. दोन आठवडे डोकं फोडलं मी. शेवटी बॉस म्हणाला, जमिनीवर माणूस उभा होता, त्याचं खरं धर. मी नकाशात अख्खा उंचवटा खाली ओढला.

राजाराम: काल जेवताना तू तेच सांगत होतीस. तेव्हा कळलं, घोळ माझ्या काठीचा. सिद्धेशनं ताटातनं मान वर केली नाही.

इला: पाचला जाणाऱ्या नकाशात आता तिथेही पाणी भरतं. त्यांना घरं बांधू देणार नाहीत.

राजाराम: भरत नाही गं. एका म्हातारीनं बोटानं दाखवलं मला. वादळात वाहून आलेले ओंडके उंचवट्याच्या पार खाली अडकलेत, पाणी तिथवरच येतं.

इला: हे बाहेर आलं तर त्याची नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा गेला, आम्हा दोघांचा. तुम्ही बोललात त्याच्याशी?

राजाराम: सकाळी. म्हणाला, तुम्ही गप्प राहा, इला बघेल काय ते.

इला: मी काय बघणार?

राजाराम: मी पण तेच म्हणलं. तुझा साहेब आत आहे ना? मला त्याच्यापुढं ने. मी मराठीत बोलतो, तू त्याला इंग्रजीत सांग. सिद्धेश तंबूत होता, तेवढं गाळू नकोस.