शेजारणीची बेल

मला कुणी घाई केली ना, की मी मुद्दाम बसकण मारते. परवा मी आणि नात तिच्यासाठी फुलपाड्यात भाड्याचं घर बघायला गेलो. घरमालक म्हणवणारा तरुण चावी नाचवत म्हणाला, "आजी, डिपॉझिट आत्ताच पाठवा. दुसरं गिऱ्हाईक खाली थांबलंय."

नातीने नोकरी करून साठवलेलं सगळं त्यात जाणार होतं. तरी पोरीने लगेच फोन काढला. मी तो हिसकावून कमरेला खोचला.

"शेजारी कोण राहतं रे?"

"फॅमिली आहे. चांगली माणसं आहेत."

"आडनाव काय त्यांचं?"

"आजी, तुम्हाला घर हवंय की शेजारी?"

"दोन्ही!" म्हटलं, आणि शेजारची बेल दाबली.

"अहो, त्या झोपल्या असतील!" म्हणत तो आडवा आला. मी बेलवरचं बोट काही उचललं नाही.

दार उघडलं. बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही, थेट त्यालाच धारेवर धरलं. "काय रे, तुझे घरमालक काल येऊन गेले. थकलेलं भाडं कधी देणारेस?"

हा आपला हळूच जिन्याकडे सरकायला लागला.

मी म्हटलं, "पळ बाबा पळ, गिऱ्हाईक थांबलंय ना खाली!"