भरलेल्या बिलाची पाच वर्षं

...अहो, भरलेत हो पैसे! व्याजासकट, वसुलीवाल्याच्या खर्चासकट, मी स्वतः मुलाच्या शेजारी बसून भरायला लावले! आणि तो कुमार, आमचा कर्जाचा ब्रोकर, फोनवर काय म्हणतो? ‘‘अंकल, पेड है, लेकिन डिफॉल्ट तो डिफॉल्ट है. क्रेडिट रिपोर्ट पे पाँच साल दिखेगा.’’ भरलेत ना? भरलेत. मग? मग पाच वर्षं!

तुम्हाला सांगतो, मी जन्मभर नगरपालिकेत घरपट्टीच्या खिडकीवर बसलो. थकबाकीदार यायचा, शिव्या द्यायचा, पैसे भरायचा, मी शिक्का मारला की पुन्हा सज्जन! इथे पैसे भरले तरी नावापुढे लिहून ठेवतात, ‘थकवले होते, नंतर भरले’. स्थळ बघायला आलेल्यांना ‘मुलाला लहानपणी खरूज होती बरं का’ असं सांगावं, तशातली गत!

बरं, थकवले कोणी? आमच्या यतिननं? छे! इथे ऑस्ट्रेलियात शिकत असताना पाच पोरं एका घरात, विजेचं बिल यतिनच्या नावावर, कारण हा पहिला आला. नोकरी लागली, लग्न झालं, हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, टार्निटला निघाला, तर जाताना नाव काढायला नको? त्या पाचांतला दत्तप्रसाद म्हणाला, ‘‘असू दे रे, मी भरत जाईन.’’ आता जिवलग मित्राला ‘नाव बदल’ कसं म्हणायचं? भीड वाटते! मराठी माणूस घर सोडताना ओटा पुसून देतो, किल्ली देतो, नाव तेवढं मागे ठेवतो.

मग लॉकडाऊन. दत्तप्रसादचं हॉटेलातलं काम गेलं, परदेशी विद्यार्थ्याला सरकारी मदत नाही, बिलं साचली, नोटिसा त्याच पत्त्यावर, आणि तो मिळेल ते विमान धरून साताऱ्याला. यतिनला कळलं कधी? घर बांधायला प्लॉट ठरल्यावर, बँकेनं कर्ज नाकारलं तेव्हा! सून म्हणते, ‘‘मी तेव्हाच सांगत होते, नाव काढ.’’ यतिन म्हणतो, ‘‘मयूरा, प्लीज, नॉट नाऊ.’’ आणि मध्ये मी! तीन महिन्यांसाठी आलेला सासरा दीड वर्ष सोफ्यावर. उठून जाऊ कुठे? पाच किलोमीटरच्या पलीकडे बंदी! इथे सगळं पाचच...

शेवटी कुमारनंच वाट काढली. दत्तप्रसादनं लिहून द्यावं, ‘घरात मी राहत होतो, नोटिसा मला मिळाल्या, यतिनला सांगितलं नाही.’ मग वीज कंपनी ती नोंद काढेल... ‘‘शायद, अंकल.’’ शुक्रवारपर्यंत. नाही तर प्लॉट दुसऱ्याला.

‘‘कर फोन,’’ मी म्हटलं.

‘‘बाबा, एप्रिलपासून तो मेसेजला उत्तरच देत नाही. का ते आता कळलं. तोंड लपवतोय!’’

‘‘दे इकडे! असल्यांना कसं धरायचं मला ठाऊक आहे!’’

लावला. उचलला दत्तप्रसादच्या वडिलांनी. मी सुरूच झालो, ‘‘काय हो, चिरंजीव कुठे दडून बसलेत?’’

ते म्हणाले, ‘‘दत्ता एप्रिलात गेला हो. बेड मिळाला, ऑक्सिजन नाही मिळाला.’’

आता बोला! ...तेच म्हणाले, ‘‘ऑस्ट्रेलियातनं बोलताय ना? त्याचं तिकडं काही देणं राहिलंय का? असलं तर सांगा, मी पाठवतो.’’

‘‘नाही हो,’’ म्हटलं, ‘‘सगळं भरलंय.’’

‘‘मग मिटलं.’’

‘‘मिटलं.’’

फोन ठेवला तर दोघं समोर उभी. ‘‘देतोय का लिहून, बाबा?’’ सांगितलं... यतिननं मोबाइल काढला, दत्तप्रसादला पाठवलेला शेवटचा मेसेज उघडला. ‘कुठे लपलायस रे?’ बघतच राहिला त्याच्याकडे. पत्राचं नाव कोणी काढलं नाही. भरलेत ना? भरलेत. मग?

शुक्रवारी प्लॉट गेला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, ‘‘भाड्याचं घर काही वाईट नाही रे. छत गळलं तर मालक बघतो.’’

छत गळतंयच. मालक म्हणतो, लॉकडाऊन उठला की बघू.