मांडीवरचं विरजण

पुण्यात बसमध्ये बसायला मिळालं की लोक खूश होतात. मी घाबरतो. का ते सांगतो.

मी नागपूरहून नवीन आलो होतो. खराडीच्या एका कंपनीत त्या दिवशी जॉइनिंग होतं. वाघोलीच्या खच्चून भरलेल्या बसमध्ये मला चक्क जागा मिळाली. बसलेल्यानं उभ्या माणसाचं सामान धरायचं, या रिवाजाप्रमाणे शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"जरा धरा. डब्यात विरजण लावलंय, हलवू नका."

"अहो, बसमध्ये?"

"तुम्ही हलवू नका. बसचं मी बघते."

थोड्या वेळानं बाईंना पार मागे जागा मिळाली. त्या गेल्या, पिशवी राहिली. खराडी आली तसा मी ओरडलो, "अहो बाई, पिशवी घ्या, मला उतरायचंय!"

"उतरायचं होतं तर घेतलीत कशाला?" मागून उत्तर आलं. "मी वाघोलीला उतरणार."

"मग हातोहात पाठवतो."

"विरजण आहे म्हटलं ना!"

शेजारचे काका म्हणाले, "बसा हो. दही बिघडेल त्यांचं." कंडक्टरनं डबल बेल दिली.

वाघोलीला बाईंनी डबा उघडला, निरखून बघितला आणि म्हणाल्या, "हललंय."

खराडीला परत येताना मी बसमध्ये उभाच होतो. समोर बसलेल्या गृहस्थांनी हात पुढे केला, "द्या ती बॅग इकडे."

मी बॅग पोटाशी धरली. "आधी सांगा, आपण उतरणार कुठं?"