एकच बटण, मधोमध

...आणि ते पुन्हा डाव्या कोपऱ्यातच! तुम्हाला सांगते, तीस वर्षं शिवणक्लास चालवतेय, कसलंही आडमुठं कापड सरळ केलंय मी, पण हे जागचं हलेना! क्लासात उरल्यात दोन मुली. त्या गेल्या की कुलूपच. लेक म्हणाली, "आई, हल्ली सगळे इंटरनेटवर शोधतात, तुझं एक पान हवं." म्हटलं, मीच करते! व्हिडिओतला तो मास्तर, "खूप सोप्पंय मित्रांनो," म्हणतो आणि बस सुटत असल्यासारखा पुढे पळतो! आणि मला हवं काय होतं? दाबलं की माझ्या फोनवर निरोप येईल असं एकच बटण हो, मधोमध!

आमचे हे पेपराआडून, "सरकलं का?" रोज!

मग परवा दुपारी सापडलं... ब्राउझरमध्येच पान उसवून आतलं बघता येतं, आणि तिथे आकडा बदलला की पान लगेच बदलतं! मग काय, शिवणीला सोडतो तशी चारी बाजूंनी माया सोडली, रंग दिला, दिवेलागणीच्या आधी आकाशाचा असतो ना, तो निळा... आणि बटण हळूच सरकत सरकत, मधोमध! मी नुसती बघत बसले. त्या निळ्यातून मुली येतायत, हातात कापडं, मशिनं आपापली चाललीयत, आवाज म्हणून नाही... चहा गार झाला, कळलंसुद्धा नाही. फार फार सुख वाटलं हो.

तेवढ्यात लेक आली. "बघू! थांब, एकदा रिफ्रेश करते." केलं. निळा गेला, मुली गेल्या, बटण कोपऱ्यात! "अगं आई, तिथे केलेलं टिकत नाही, फाइलमध्ये लिहावं लागतं." हे आत्ता सांगतेस? मला रडूच फुटलं. एकच बटण हो, मधोमध... जास्त मागितलं का मी? तिनं तेच पांढरंफटक पान इंटरनेटवर चढवलं.

चार दिवस फोन गप्प. पाचव्या दिवशी टुंग! "शिवण शिकायची आहे. वय एकसष्ट. अनुभव नाही." नंबर आमच्या ह्यांचा! शेजारच्या खोलीतून!

घेतलं क्लासात. आठवडा झाला, सुईत दोरा काही गेलेला नाही... आणि मशीन मात्र खिडकीजवळचंच हवंय!