चिलखतातली ताई

...हसा, हसा! हसायला तुमचं काय जातंय? तुमची बहीण नाहीये ना त्या पोस्टरवर! माझी आहे! सख्खी! थोरली! आणि अंगावर काय, तर चिलखत... चिलखत म्हणायचं आपलं, दोन वाट्या आणि एक पट्टा! आणि हे चितारलं कुणी? मीच, दुसरं कोण! तुम्हाला सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला!

म्हणजे कसं, मी मोबाइलवरच्या गेमची चित्रं काढतो. राक्षस, किल्ले, तलवारी आणि लढणाऱ्या बायका. आता आमच्याकडे लढणारा पुरुष असला की त्याला गळ्यापासून नखापर्यंत पोलाद! डोळ्यांपुरती फट! शिंक आली तर बिचाऱ्याला नाक पुसता यायचं नाही, असा बंदोबस्त! आणि बाई असली, की साहेब खुर्ची ओढून माझ्या शेजारी. "हं... पोट जरा मोकळं सोड. इथलं पोलाद काढ. इथलंही काढ. हवा खेळली पाहिजे रे, लढायचंय तिला!" अहो, बर्फात लढायचंय! समोर राक्षस तोंडातून जाळ सोडतोय आणि हिच्या पायात उंच टाचा! पण मी कधी अवाक्षर काढलं? छे! साहेब म्हणाले काढ, मी काढलं. आणि खोटं कशाला बोलू, हात अगदी झरझर चालायचा माझा.

त्यात माझी एक खोड. बाईचा चेहरा म्हटला की माझ्या हातून एकच उतरतो. लहानपणी चित्र काढायला शिकलो तो ताईला बघून. ती तासन्‌तास अभ्यास करत बसायची, हलायची नाही, मला आयतीच सापडली! तेच रुंद कपाळ, तेच नाक, भुवईतली तीच खोक... हात आपसूक वळतो, मला पत्ताच नाही! राणी काढली तरी ताई, चेटकीण काढली तरी ताई. पण त्या सगळ्या एवढ्याएवढ्याशा, कुणाला कळणार? या वेळी साहेबांनी अशीच एक लढणारी बाई जाहिरातीवर घेतली. बसथांब्याबसथांब्यावर! माणसाहून मोठी!

आणि माझी ताई करते काय? अग्निशमन केंद्राची प्रमुख आहे हो ती! जाड कोट, हेल्मेट, गुडघ्यापर्यंत बूट... हाताखालच्या माणसाचं बोटभर कातडं उघडं दिसलं तर त्याला फैलावर घेणारी बाई! आणि बसथांबा कुठे? त्यांच्या फाटकासमोर!

ती घरी आली. ओरडली असती तर परवडलं असतं! शांतपणे बसली आणि म्हणाली, "कालपर्यंत मी शिट्टी वाजवली की सगळे धावत रांगेत यायचे. आजही आले. पण आधी एकमेकांकडे बघितलं. एकजण मान खाली घालून हसू आवरत होता."

मी म्हटलं, "ताई, चुकून झालं गं! चेहरा बदलतो!"

"कुणाचा लावशील?"

"कुणाचाही!"

"जिचा लावशील ती कुणाचीच कोणी नसेल का रे?"

बोला! इतकी वर्षं इतक्या बायका काढल्या, एकीचीही लाज वाटली नाही मला. का? तर माझ्या कोणी नव्हत्या म्हणून! मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

गेलो साहेबांकडे. म्हटलं, "साहेब, हिला पूर्ण चिलखत घालू या ना." साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आलाय! "चेहरा हवा तर बदल, नाक बदल, कान बदल! कपड्याला हात लावायचा नाही! चेहरा बघतंय कोण?"

अख्खं अग्निशमन केंद्र बघतंय हो!

मग मी डोकं लढवलं. म्हटलं, कुणाची आई नको, कुणाची बहीण नको, आपणच उभं राहू! आरसा घेतला, मिशी वगळली, केस लांब केले आणि माझाच चेहरा दिला तिला ठेवून! आणि बघितलं मात्र... काय सांगू... भर चौकात उघडं उभं केल्यासारखं वाटलं. हात आपोआप छातीवर गेले! ऑफिसात कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून लगेच खाली घेतले. तरी म्हटलं, असू दे, हीच आपली शिक्षा. पोस्टरं बदलली, ताईचा फोन आला, मी ऐटीत, "बघितलंस? मी स्वतः उभा राहिलो!"

ती हळूच म्हणाली, "मिशी काढल्यावर तू कुणासारखा दिसतोस, कधी बघितलंयस?"

आणि तिच्या मागून आवाज, "कसला फोटो बघतेस गं? मला दाखव की... अगं बाई! ही मी?"

आई! मेल्याहून मेल्यासारखं... नाही, आता मेलोच!

तडक साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "पूर्ण चिलखत, नाहीतर ही बाई मी काढणार नाही!" साहेब म्हणाले, "नको काढूस." आणि दिली दुसऱ्याला. आता तिला चेहरा कुणाचा लावलाय, विचारायची हिंमत झाली नाही माझी. कपडे तेच आहेत. मला झाडांवर टाकलंय. दिवसभर आपली झाडं काढतो. आणि तुम्हाला सांगतो... एकेका झाडाला इतकी पानं काढतो, इतकी पानं काढतो, की खोडसुद्धा दिसू देत नाही!